गॅदरिंगला यंदा रेकॉर्ड डान्स कमी करून मुलांचं स्वतःचं नाटक आणि लाइव्ह गाणी करायचीयत, कुणी केलंय का?

कृष्णाकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेवर मराठी शिकवतो. यंदा सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आलाय आणि हेडसर म्हणालेत तुम्हाला काय करायचं ते करा, फक्त वेळेत संपवा. आमचं स्नेहसंमेलन कसं असतं ते तुम्हाला माहितीच असेल, पंचवीस-तीस आयटम, त्यातले वीसेक पेनड्राइव्हवरच्या गाण्यांवरचे डान्स, एक-दोन लावण्या, एक शेतकरी गीत, एक देशभक्तीचं, शेवटी राज्याभिषेक, आणि मध्येच कुठंतरी दहा मिनिटांची नाटिका जी तिसऱ्या रांगेच्या मागं कुणाला ऐकूच जात नाही. मुलं नाचतात मनापासून, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण त्या अख्ख्या संध्याकाळीत मुलांचा स्वतःचा आवाज फक्त सूत्रसंचालन करणाऱ्या दोघांचाच असतो, बाकी सगळं स्पीकरमधून येतं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं ते आमच्या सांगलीत, नाट्यपंढरी म्हणतात आम्हाला, आणि माझ्या नववीच्या वर्गात हात वर करायला सांगितला तर आख्खं नाटक बसून बघितलेली मुलं बोटावर मोजण्याइतकी निघाली.

तर मला आठवी-नववीची अर्ध्या-पाऊण तासाची एकांकिका करायचीय, गाणी त्यातच असतील आणि पेटी, तबला, ढोलकी जे काय असेल ते मुलंच वाजवतील. नावं मागितली तर साठच्या वर आली, आता त्यातल्या दहाजणांना घेऊन बाकीच्यांना परत कसं पाठवू. संहिता शोधतोय तर मिळतात ती राजा, प्रधान, राक्षस, परी यांची, नववीची पोरं म्हणतात सर हे बारक्या पोरांचं आहे, आणि कॉलेजवाल्यांच्या एकांकिका वाचल्या तर त्यांचे विषय या वयाला पेलत नाहीत. निम्म्या मुलग्यांचे आवाज फुटलेत, गाताना मध्येच चिरकतात आणि लाजून गप्प होतात. आणि सगळ्यात मोठा प्रश्न तालमीचा, निम्मी मुलं वाड्यावस्त्यांवरनं एसटीनं येतात, सव्वापाचची गाडी गेली की पुढची साडेसातला, म्हणजे शाळा सुटल्यावर तालीम ठेवली तर वस्तीवरच्या मुली आपोआप बाहेर पडणार, ते मला अजिबात नकोय. पालकांचंही आहेच, आमची पोरगी डान्समध्ये दिसली पाहिजे. पैसे फार नाहीत. कुणी असं काही करून बघितलं असेल तर सविस्तर लिहा, दिवाळीची सुट्टी संपली की लगेच सुरू करायचंय.

पेटीवाल्या_बाई

सर, मी रत्नागिरी जिल्ह्यात शाळेत संगीत शिकवते. आवाजाचं आधी सांगते कारण बहुतेक शाळा तिथंच लाइव्ह गाण्याचा विचार सोडून देतात. या वयात मुलग्यांचे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, पण हे एका आठवड्यात होत नाही, काही महिने तो कधी वर कधी खाली पळतो. या काळात मुलाला वरच्या पट्टीत जोर लावून गायला लावलं की घसा धरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे वर्ग हसला की तो मुलगा पुन्हा आयुष्यात तोंड उघडत नाही. मी पेटी घेऊन एकेकाला वेगळं बसवते, बाकी कुणी खोलीत नाही, आणि नुसता सा लावायला सांगते, जिथं सहज लागेल ती पट्टी त्याच्या नावापुढे वहीत लिहायची. मुली साधारण पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला, म्हणजे काळी 4, काळी 5 ला येतात, आवाज बसलेले मुलगे काळी 1 किंवा पांढरी 2 च्या आसपास. मधले जे अजून फुटताहेत त्यांना चार-पाच सुरांत फिरणारं काहीतरी द्यायचं, गजर, ओवी, भजनाचं धृपद. आणि पोवाडा! या वयाला पोवाड्यासारखं दुसरं काही नाही बघा, शाहीर एक, मागे झील धरणारे साथीदार (झीलकरी) चार-पाच, डफ, तुणतुणं, झांज, अर्धं बोलायचं अर्धं गायचं, त्यात फुटलेला आवाज खटकत नाही, उलट चांगला रांगडा लागतो.

मुलगे-मुली एकाच पट्टीत कोरसला उभे करू नका, एक बाजू किंचाळते नाहीतर दुसरी पुटपुटते. गाणी वाटून द्या. मुलींचं मुलींच्या पट्टीत, मुलग्यांचं त्यांच्या, आणि त्यासाठी तबले दोन आणा, एक काळी 1 चा आणि एक काळी 4 चा, ऐन कार्यक्रमात एकच तबला ठोकून वर-खाली मिळवत बसायला वेळ नसतो. तुमच्याकडे कार्यक्रम मैदानावर असणार, डिसेंबरात नदीकाठी रात्री दव पडतं, कातडं ओलं झालं की वाद्य उतरतं, म्हणून तबला-ढोलकी वाजवायची वेळ येईपर्यंत पिशवीबाहेर काढायची नाही. हलगी किंवा कातड्याचा डफ असेल तर मंडपापासून लांब निखाऱ्याचं घमेलं ठेवा आणि तिथं एक मोठं माणूस उभं करा, वाजवणारी पोरं आपली आपण शेकून घेतात, ते त्यांना शिकवावं लागत नाही.

अजून एक, वाजवणारी मुलं शोधायला संगीत क्लासला जाऊ नका, गावातल्या भजनी मंडळात विचारा. शाळेत मागच्या बाकावर गप्प बसणारा पोरगा एकादशीला रात्रभर पखवाज वाजवत असतो आणि शाळेत एकाही शिक्षकाला ते माहीत नसतं, हे मी दरवर्षी बघते.

विंगेतला_माणूस

पेटीवाल्या बाईंना शंभर टक्के दुजोरा. मी पुण्यात हौशी नाटकवाला, शाळांमध्ये नाटकं बसवतो. सर, तुम्ही संहितेबद्दल जे लिहिलंय ते आमचं सगळ्यांचंच दुखणं आहे. 1959 ला सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढलं, रत्नाकर मतकरींचं मधुमंजिरी हे नाटक केलं, तिथून आपल्याकडे बालरंगभूमी रीतसर उभी राहिली आणि फार मोठं काम झालं, पण ते मुख्यतः लहान मुलांसाठी. पुढं कॉलेजला गेलं की 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आहे, त्यातून पिढ्यानपिढ्या नाटकवाले तयार झाले. आणि मधली तेरा ते सोळा वर्षांची पोरं? त्यांच्यासाठी कोण लिहितंय? 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर अकादमीनं बर्लिनचं ग्रिप्स हे मुलांसाठीचं थिएटर पुण्यात आणलं, त्यात परी-राक्षस नव्हते, मुलांच्या घरातले, शाळेतले, बिल्डिंगमधले खरे प्रश्न होते आणि गाणी होती, पण त्यात मुलांच्या भूमिका मोठी माणसं करायची. तुमच्याकडे तर खरी मुलं आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत, संहिता शोधू नका, बनवा. आणि विषय तुम्ही पोस्टमध्येच लिहिलाय, सव्वापाचची एसटी. मी थट्टा करत नाहीये, खरंच विचार करा. गावाचा स्टँड, एक बाक, एक फाटा दाखवणारा बोर्ड, झालं तुमचं नेपथ्य. गाडी येत नाही. थांबलेली पोरं, बाजारातनं आलेली आजी, भजनाला निघालेलं मंडळ, मोबाइलवर रेंज शोधणारा कॉलेजवाला, पासवरनं कंडक्टरशी हुज्जत. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, मुलग्यांना सवलतीत पैसे भरून काढावा लागतो, एवढ्यावर तुमची पोरं दहा मिनिटं भांडू शकतील बघा. आणि मग गाडीच नाही म्हटल्यावर मोफत पासचं काय करायचं, हे एखादी मुलगी स्टेजवर उभी राहून विचारेल तेव्हा समोर बसलेल्या तिच्या बापाला ते लागेल, कारण तो रोज तिला आणायला फाट्यावर जातो. साठ पोरं असली तरी स्टँडवर मावतात, येतात आणि जातात. भजनी मंडळ आलं की गाणं, आजीची ओवी आली की गाणं, गाण्यांसाठी वेगळं निमित्त शोधावं लागत नाही.

बनवायचं कसं, तर मुलांना लिहायला लावू नका, लिहायला लावलं की निबंध येतो. प्रसंग सांगायचा, गाडी फुल्ल आहे आणि कंडक्टर दार उघडत नाही, करा. पाच-सहाजण उभे राहतात, बोलत सुटतात, बाकीचे बघतात. तुम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, घरी जाऊन त्यातली खरी वाक्यं उतरवून काढायची. पोरं जी बोलतात तीच भाषा ठेवा, 'आलंय, गेलंय, काय रं' सगळं ठेवा, पुस्तकी मराठी करायला गेलात की पोरांचे हात लाकडासारखे होतात. दोन आठवड्यांनी संहिता बांधून टाका आणि त्यानंतर बदलू नका.

आता आवाजाचं. माईक असला तरी आवाज टाकायला शिकवावंच लागतं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी, आणि पोरं नेमका शेवट गिळतात. 'मी त्याला बघितलं नाही' यातलं 'नाही' गेलं की लोकांना उलटाच अर्थ कळतो आणि पुढचा सगळा प्रसंग वाया. मी मुलाला झेंड्याच्या कट्ट्यावर उभा करतो आणि त्याचा मित्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, त्याला शेवटचा शब्द ऐकू आला तर हात वर करायचा, नाही आला तर नाही. ओरडायचं नाही, शेवटपर्यंत श्वास पुरवायचा. आठवडाभर रोज थोडा वेळ हे केलं तरी फरक पडतो.

तालमीचं असं करा, सगळ्यांना कधीच एकदम बोलवू नका. नाटकाचे तुकडे पाडा, वस्तीवरच्या मुलामुलींचे प्रसंग ऑफ तासाला आणि मधल्या सुट्टीत, गावातल्यांचे संध्याकाळी, आणि शनिवारी सकाळची शाळा लवकर सुटते तेव्हा सगळे एकत्र. मुख्य भूमिका एसटीनं येणाऱ्यांनाच द्या, म्हणजे तालीम आपोआप त्यांच्या वेळेनं लागेल, उलटं केलंत तर दुसऱ्याच आठवड्यात त्या मुली गर्दीत जाऊन बसतील आणि चौथ्या आठवड्यात येणंच बंद होईल.

चिंचवडची_आई

पालक म्हणून लिहिते, पालकांना डान्सच हवा असतो असं सरसकट नका धरू. माझी मुलगी आठवीत आहे. मागच्या वर्षी तिच्या शाळेत (नाव लिहीत नाही) डान्ससाठी ड्रेपरीवाल्याकडचा ड्रेस, वर मेकअप, वर दागिने असे पैसे मागितले, तिच्या वर्गातल्या दोन मुलींनी ताप आलाय सांगून नाव काढून घेतलं. ताप वगैरे काही नव्हतं, त्यांच्या आयांना मी ओळखते. कुणी त्यांना विचारलंही नाही.

आणि त्याच कार्यक्रमात जे नाटक होतं त्याचे संवाद आधी स्टुडिओत रेकॉर्ड करून आणले होते, मुलं नुसती ओठ हलवत होती. मध्येच एका मुलाची एन्ट्री चुकली आणि त्याचं वाक्य तो स्टेजवर यायच्या आधीच वाजून गेलं. मुलगा आला, उभा राहिला, त्याला बोलायचं होतं पण त्याचा आवाज तर होऊन गेलेला. मला अजूनही तो चेहरा आठवला की राग येतो. समजा लाइव्ह असतं आणि तो अडखळला असता तर दुसऱ्यानं सांभाळून घेतलं असतं, लोकांनी टाळी वाजवली असती. मुलांना चुकू न देण्यासाठी एवढा खर्च करतात आणि त्यात मुलंच राहत नाहीत. सर, तुम्ही जे करताय ते करा, आणि पालकसभेत आधीच सांगा की ड्रेस घरातलाच, शाळेचा युनिफॉर्म, आईची साडी, आजोबांचं धोतर. पन्नास टक्के पालक तिथंच तुमच्या बाजूनं होतील.

आवाज_टेस्टिंग

मी कोल्हापूरचा, साउंडचं काम करतो, डिसेंबर-जानेवारीत रोज एक शाळा. थोडक्यात सांगतो.

नाटकाला हातातला माईक एकमेकाला देत फिरू नका, त्यानं नाटक मरतं. साउंडवाल्याला आधीच सांगा की नाटक आहे, फ्लोअर माईक पाहिजेत, स्टेजच्या पुढच्या कडेला तीन-चार. स्टेज फळ्यांचा असेल तर पाय आपटल्याचा धाड-धाड आवाज त्यात शिरतो, माईकखाली फोमचा तुकडा टाकायला लावा आणि पोरांना अनवाणी किंवा कॅनव्हासच्या बुटात ठेवा. स्पीकर माईकच्या पुढं पाहिजेत, प्रेक्षकांच्या बाजूला, माईकच्या मागं लावले की शिट्टी मारणारच, मग ऑपरेटर व्हॉल्यूम उतरवतो आणि तुम्ही म्हणता ऐकू येत नाही. पेटी-तबल्याला वेगळे दोन माईक आणि वादकांना स्टेजच्या एका बाजूला पुढं बसवा, पोरांना त्यांचा हात दिसला पाहिजे. कॉलर माईक दोन-तीन मिळाले तर ज्यांचं सगळ्यात जास्त बोलणं आहे त्यांना लावा, पण त्याच्या बॅटऱ्या नवीन घाला, डान्सला वापरलेल्या नको.

आणि सर्वात महत्त्वाचं, डान्सचा डीजे सेटिंग आणि नाटकाचं सेटिंग एक नसतं. डान्सला बास फुल्ल असतो, तेच ठेवून नाटक चालू केलं की बोलणं गढूळ येतं. ऑपरेटरला तालमीला एकदा चहाला बोलवा, नाटक बघू दे, दुसरं काही नको. आम्हाला कुणी बोलवतच नाही, थेट कार्यक्रमादिवशी सांगतात की आता नाटक आहे बरं का.

नाटक पहिलं ठेवा. पाहुण्यांची भाषणं आणि बक्षीस वाटप झाल्यावर ठेवलंत तर बारकी पोरं झोपलेली असतात आणि बायका स्वयंपाकाला निघालेल्या असतात. रात्री दहाच्या पुढं स्पीकर चालत नाही हे तर आहेच, आणि कार्यक्रम लांबला की पहिलं कापतात ते नाटकच.

वडसा_लाइन

गडचिरोली जिल्ह्यातून. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान निघालं की नाटकांचा सीझन सुरू होते, वडसा म्हणजे त्याचं केंद्रच, गावोगावी मंडईला, शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) रात्रभर नाटक चालते आणि लोकं सकाळपर्यंत बसते. त्यामुळे आमच्या पोरायला स्टेजची भीती वाटत नाही, पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये तेच पोरं सिनेमाच्या गाण्यावर नाचून राहिले होते, कारण शाळेत हे चालत नाही असं कुणीतरी ठरवलं होतं. आम्ही दंडार घेतली, ते आमच्याकडचं लोकनाट्य. गावातल्या दंडारवाल्या बुजुर्गांना शाळेत बोलावलं, त्यांनी पोरायला शिकवलं, झाडीबोलीतच. एक पैसा ड्रेसवर गेला नाही. त्यांचा शाळेकडून रीतसर सत्कार केला तर त्यांच्यातल्या एकाच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाले मी चौथी पास, मला शाळेनं शिकवायला बोलावलं.

तुमच्याकडे काय आहे ते शोधा सर. तुमच्या भागात तर शाहिरी आहे, तमाशाचे फड आहेत, धनगरी ओव्या आहेत, धनगरांचा नाचत वाजवायचा गजी ढोल आहे. विंगेतल्या दादांनी सांगितलेला एसटी स्टँड मस्तच आहे, त्यावर एखादा गजी ढोलवाला येऊन उतरू द्या.

कुडाळकर

विंगेतला दादांनी प्रसंग देऊन बोलायला लावा म्हणून जे लिहिलंय तेच आमच्या दशावतारात पूर्वापार चालतं. लिहिलेली संहिता नसतेच, कथानक ठरतं, कुणी काय घ्यायचं ते रंगपटात (नट तयार होतात त्या खोलीत) ठरतं आणि संवाद नट तिथल्या तिथं बोलतात, पेटी, पखवाज आणि झांज साथीला. आमच्या शाळेत आठवीच्या मुलांनी असा आख्यानाचा तुकडा केला होता, मालवणीत. एक काळजी घ्या, असं आयत्यावेळी बोलायला जी पोरं तरबेज असतात ती दुसऱ्याला बोलूच देत नाहीत. प्रत्येक प्रसंगात कुणी प्रश्न विचारायचा आणि कुणी उत्तर द्यायचं एवढं घट्ट ठरवून द्या, बाकी मोकळं सोडा. गप्प मुलाला प्रश्न द्या, उत्तर नको. प्रश्न विचारला की त्याच्याकडे सगळे बघतात आणि त्याला पुढचं बोलावंच लागतं.

नियम_वाचणारा

दोन-तीन कायद्याच्या आणि कागदाच्या गोष्टी, कुणी लिहिल्या नाहीत म्हणून. नाटकात किंवा डान्सला दुसऱ्याची गाणी वापरली तर कॉपीराइटचं काय असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शाळेच्या कार्यक्रमाला सवलत आहे, शाळेच्या मुलांनी आणि शिक्षकांनी केलेला प्रयोग, समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं असतील तर हरकत नाही. पण तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की ही सवलत तिथं चालत नाही, म्हणूनच शाळांचे व्हिडिओ म्यूट होतात. तुमची चाल आणि शब्द मुलांचेच असतील किंवा पारंपरिक ओव्या असतील तर हा प्रश्नच येत नाही, हा लाइव्हचा एक मोठा फायदा. मात्र मुलांचे चेहरे नेटवर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या, तो मुद्दा वेगळा.

दुसरं, नाटक चांगलं बसलं तर ते एका रात्रीत संपवू नका. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा दरवर्षी होते, पुढच्या वर्षीसाठी जाहिरातीवर लक्ष ठेवा. केंद्र सरकारचा कला उत्सव 2015 पासून सुरू आहे, तो नववी ते बारावीसाठी, म्हणजे तुमचे आत्ताचे आठवीवाले पुढच्या वर्षी त्यात बसतात. शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला यांसाठी दहावीला वाढीव गुणही आहेत, अटी पूर्ण असतील तर प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो आणि त्याला तारीख असते. त्यामुळे भजनी मंडळात वाजवणारं पोरगं सापडलं तर त्याला गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना बसवा, दहावीत गेल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

कृष्णाकाठचा_मास्तर

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. एसटी स्टँड तर पक्कं झालं. काल ऑनलाइन मीटिंगमध्ये नुसता विषय सांगितला तर मुलं एकदम बोलायला लागली, एकीनं सांगितलं की गाडी भरून आली की ड्रायव्हर स्टॉपच्या पुढं शंभर पावलं नेऊन थांबवतो, म्हणजे सगळी दप्तरं घेऊन पळतात आणि पहिली पळणारीच चढते, ती रोज पहिली पळते आणि धाकट्या भावाची जागा धरते. हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. हा प्रसंग पहिला घेणार. आणि गावातल्या भजनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला तर आमच्याच शाळेतली तीन पोरं त्यांच्याकडे बसतात असं कळलं, एक पखवाज आणि दोन टाळकरी, बाईंचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं.

पालकसभेत ड्रेसचा मुद्दा चिंचवडच्या ताईंनी सांगितला तसाच मांडतो. डान्स बंद करत नाहीये, दहा ठेवतोय.

दोन गोष्टी राहिल्यात. एक, दहावीच्या मुलांना घेऊ का? त्यातले काही फार मागं लागलेत. दुसरं, शनिवारी सगळ्यांची तालीम ठेवली तर दुपारी वस्तीकडे गाडीच नाही, अडीचपर्यंत पोरं स्टँडवर बसतील.

विंगेतला_माणूस

दप्तर घेऊन पळण्याचा प्रसंग आवाजाशिवाय करून बघा सर, पळणं आणि फक्त ढोलकी, बोलणं नंतर.

दहावीचं, मी स्टेजवर घेत नाही. 2025 ला लेखी परीक्षा 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली, त्याच्या आधी प्रॅक्टिकल, डिसेंबर-जानेवारीत पूर्वपरीक्षा, त्यात नाटक घातलं तर घरचे तुम्हाला सोडणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. पण त्यांना एकदम तोडूही नका. प्रकाश, पडदा, रंगभूषा, रंगमंच व्यवस्था ही कामं द्या, तालमीला शेवटच्या चार-पाच दिवसांतच यावं लागतं. विंगेत उभं राहून बारक्यांना वेळेवर आत ढकलणारा दहावीतला दादा असला की आठवीची पोरं निम्मी घाबरत नाहीत.

पेटीवाल्या_बाई

पखवाजवाला मिळाला ना, मग त्याला तबल्यावर जबरदस्तीनं बसवू नका, गाण्याची चाल पखवाजाला धरून बांधा. ओवी आणि गजर दोन्ही त्यावर छान बसतात. त्या दोन टाळकऱ्यांना बाकीच्यांमध्ये विखरून उभं करा, लय धरून ठेवतील.

आवाज_टेस्टिंग

गाडीचं मी सांगतो, आमच्या गावच्या शाळेनं केलं होतं. हेडसरांच्या सहीनं आगार व्यवस्थापकांना पत्र द्या. नुसतं गाडी सोडा असं लिहू नका, कोणत्या स्टॉपवरचे किती पासधारक, मुली किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे शनिवार, शाळा किती वाजता सुटते आणि गाडी किती वाजता पाहिजे असं टेबल करून द्या. वर ग्रामपंचायतीचं एक पत्र जोडा. पोस्टानं पाठवू नका, स्वतः घेऊन जा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नवीन गाडी मिळणं अवघड असतं पण चालू फेरीची वेळ अर्धा-पाऊण तास मागं-पुढं करून देतात, तेवढ्यात तुमचं काम होतंय. डेपोत वेळापत्रकाचं काम बघणारे असतात, त्यांना भेटा, सुट्टी संपायच्या आतच जा, शाळा सुरू झाली की सगळ्याच शाळांची पत्रं येऊन पडतात.

कृष्णाकाठचा_मास्तर

उद्याच हेडसरांकडे पत्राचा मसुदा नेतो. स्टॉपवार यादी पोरांकडूनच करून घेतो, त्यांना माझ्यापेक्षा पक्कं माहीत आहे कोण कुठं चढतं. पहिला शनिवार झाला की इथंच लिहितो काय काय झालं ते.